ज्याचं त्याचं पाणी

आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडम मुलांचं प्रॅक्टिकल रेकॉर्ड मनात वाचत नसत. टेबलाच्या कडेला अर्धवट टेकायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि बातम्या देणाऱ्या बाईसारख्या खणखणीत आवाजात वाचायला लागायच्या. ज्याचं रेकॉर्ड असे तो मान खाली घालून बसे. ‘टेन एमएल ॲसिड वॉज टेकन’ असं वाक्य आलं की त्या थांबत.

“किसने लिया?”

मग त्याच पुढे म्हणत,

“ॲसिड आपोआप उठून फ्लास्कमध्ये गेलं का? तू घेतलंस ना? मग लिही, मी घेतलं. चोरी थोडीच केलीयेस.”

मॅडम गोंदियाच्याच. घरात हिंदी, त्यामुळे त्यांचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कुठल्या भाषेत संपेल याचा नेम नसायचा. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि स्कूटीच्या हुकाला कायम एक कापडी पिशवी. पिशवीत रिकाम्या बाटल्या. रस्त्यात हँडपंप दिसला की त्या स्कूटी थांबवून बाटली भरून घ्यायच्या. नातेवाइकाच्या लग्नाला गेल्या तरी परतताना पिशवी खळखळत यायची, असं आमचे सीनियर सांगायचे. लॅबच्या कपाटात वरच्या कप्प्यात त्यांनी फुटलेल्या काचा मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येक काचेखाली चिठ्ठी, पण फोडणाऱ्याचं नाव नाही, फुटण्याचं कारण. ‘पिपेट: घाई.’ ‘बीकर: गप्पा.’ एका मोठ्या फ्लास्कच्या तुकड्यांखाली त्यांच्याच अक्षरात होतं, ‘मला वाटलं मला येतं.’ तो त्यांनी स्वतः फोडला होता.

त्या लाल पेन वापरत नसत. “लाल पेनाने पोरं घाबरतात, आणि घाबरलं की खोटं लिहितात,” म्हणायच्या. सगळे शेरे पेन्सिलने. पण पेन्सिलीचा शेराही असा असायचा की रात्रभर डोक्यातून जाऊ नये.

आमच्या आधीच्या कित्येक बॅचपासून कॉलेजात एक पीडीएफ फिरत होती. कोण्या एका हुशार मुलीने लिहिलेलं पूर्ण रेकॉर्ड, पानापानाचे फोटो काढून केलेली. ॲडमिशन झाल्याबरोबर ती व्हॉट्सॲपवर येऊन पडायची. प्रॅक्टिकलच्या दिवशी लॅबमध्ये थोडं इकडेतिकडे करायचं, आणि घरी जाऊन पीडीएफमधलं रीडिंग उतरवून काढायचं, अशी रीत होती. ती मुलगी लग्न होऊन रायपूरला गेली, पण तिचं रीडिंग गोंदियात राहिलं.

मॅडमना हे ठाऊक होतं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एका प्रॅक्टिकलला त्यांनी ब्युरेटमध्ये भरायच्या बाटलीत अल्कलीऐवजी साधं पाणी भरून ठेवलं. मी त्या दिवशी नव्हते, आमच्या घरी धानाची रोवणी होती. पण नंतर ती हकीकत इतक्यांदा ऐकली की डोळ्यांनी बघितल्यासारखी वाटते. गुलाबी रंग येतो अल्कलीने; पाणीच ओतताहेत म्हटल्यावर फ्लास्कमधलं ॲसिड गुलाबी होणार कसं? तरी पुढच्या आठवड्यात रेकॉर्डामागून रेकॉर्डात गुलाबी रंग आला होता आणि दशांशापर्यंत एकच रीडिंग आलं होतं. मॅडमनी एकेक रेकॉर्ड वाचून दाखवलं आणि प्रत्येकाचं अभिनंदन केलं.

शेवटी लोकेशचं रेकॉर्ड आलं. लोकेश म्हणजे आमच्या वर्गातला सगळ्यात सुस्त मुलगा. मागच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसायचा. त्याने लिहिलं होतं, ‘मी ओतत राहिलो. काहीच झालं नाही. परत भरून ओतलं. तरी काही झालं नाही. मग मला कंटाळा आला आणि मी थांबलो.’

मॅडमनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले. “ह्याला आळस आहे,” त्या म्हणाल्या, “पण ह्याला खोटं लिहायचाही आळस आहे. हा मुलगा सायंटिस्ट होऊ शकतो.” लोकेशला हे कौतुक आहे की टोमणा, हे वर्षभर कळलं नाही.

त्यानंतर त्यांनी पीडीएफचा बंदोबस्त केला. पाण्याचा कडकपणा, म्हणजे हार्डनेस, मोजायचं प्रॅक्टिकल आलं तेव्हा फळ्यावर लिहिलं, ‘ज्याचं त्याचं पाणी.’ प्रत्येकाने आपल्या घरचं, आपल्या गावचं पाणी आणायचं. “आता बघते कोणाची कॉपी करता.”

आणि दुसरा एक नियम. रेकॉर्ड युनिव्हर्सिटीला पाहिजे तसं इंग्रजीत असूदे, पण त्याच्यामागे एक पान आपल्या बोलीतलं जोडायचं. त्याला त्या ‘घरचं पान’ म्हणायच्या. ते घरी कोणाला तरी वाचून दाखवायचं, ऐकणाऱ्याने एक प्रश्न विचारायचा, आणि तो प्रश्न आणि आपलं उत्तर खाली लिहून आणायचं. प्रश्न नसेल तर पान परत. “ऐकणाऱ्याला काहीच विचारावंसं वाटलं नाही याचा अर्थ त्याला काहीच कळलं नाही,” असं त्यांचं म्हणणं. डिपार्टमेंटचे हेडसर म्हणाले, “मॅडम, हे सिलॅबसमध्ये नाही.” त्या म्हणाल्या, “सर, माणसंही सिलॅबसमध्ये नाहीत, तरी आपण ॲडमिशन देतो.”

सुरुवातीला या पानांची फार मजा व्हायची. लोकेशच्या आजोबांनी पानभर टायट्रेशन ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे सब करून मंग ते पानी फेकून देता का?” लोकेशने खाली उत्तर लिहिलं होतं, ‘हो.’ मॅडम ते वाचताना खुर्चीत बसून हसल्या होत्या.

माझं गाव नागऱ्याच्या पुढे. नागऱ्यापर्यंत सायकल, तिथून ऑटोने कॉलेज. बाबा गोंदियाला राइस मिलमध्ये कामाला आणि माय गावच्या शाळेत पोरांचं जेवण शिजवायची. बरीच वर्षं शिजवत होती. बाबासाहेबांच्या फोटोला नमस्कार करून सकाळी निघायची आणि दुपारी अंगाला धुराचा वास घेऊन यायची. तिला या कामाचा अभिमान होता. गावातली निम्मी पोरं माझ्या हातची वाढली, असं ती म्हणायची.

त्या वर्षी मात्र काहीतरी बिघडलं होतं. तिची डाळ शिजेनाशी झाली. वाटाणे तर गोट्यांसारखे राहायचे. पोरं ताटाच्या कडेला डाळ लोटून नुसता भात खायची. काही पोरं घरून डबा आणायला लागली. माय म्हणायची, “धान्यच जुनं येऊन राह्यलं. कोठीत सडवतेत आन् मंग आमाले देतेत.” ती रात्री डाळ भिजवून ठेवायची, लाकडं जास्त लावायची. काही उपयोग होत नव्हता.

मग शाळेच्या समितीपुढे तक्रार गेली. समितीत एक काका होते, शब्दाला वजन असलेले. शाळेच्या आवारातली बोरवेल त्यांनीच खटपट करून आणली होती. ते बैठकीत म्हणाले की बाई सरपण वाचवते, अर्धं कच्चं उतरवते. कोणी तरी डाळ घरी जाते असंही बोललं. आणि मग काका म्हणाले, “दुसरी बाई ठेवा. म्हणजे सगळे पोट्टे पोटभर जेवतीन.”

सगळे पोट्टे. त्या शब्दांचा अर्थ आमच्या वस्तीत समजावून सांगावा लागत नाही. डबे वस्तीबाहेरच्या कोणत्या घरांतून यायला लागले होते ते सगळ्यांना दिसत होतं.

माय त्या दिवशी घरी येऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी परत घासत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, “तू अभ्यास कर. पुढच्या बैठकीत ठरवून राह्यले ते. ठरवू दे.”

अशा आठवड्यात मी मॅडमच्या लॅबमध्ये माझी बाटली घेऊन उभी होते. शाळेच्या बोरचं पाणी. आमची वस्ती शाळेला लागून, आम्हीही तेच प्यायचो.

“एकच बाटली?” मॅडम म्हणाल्या. “गावात दुसरं पाणी नाही?”

“जुनी विहीर आहे, बोडीच्या तळ्यापलीकडे. आता तिथे कोणी जात नाही.”

“तू जा. एकट्या आकड्याला काही अर्थ नसतो बेटा. त्याच्या बाजूला दुसरा बसवावा लागतो.”

म्हणून दुसऱ्या दिवशी मी दोन बाटल्या नेल्या.

त्या प्रयोगात पाण्यात आधी अमोनियाचं बफर टाकतात, डोळ्यांतून पाणी येतं. मग चिमूटभर इंडिकेटर टाकला की पाणी लाल होतं. पुस्तकात त्याला ‘वाइन रेड’ म्हणतात. मॅडमनी फळ्यावर तो शब्द खोडला होता. “वाइन किसने देखी है यहां? तुमच्या घरी जे लाल आहे ते लिहा.” मी लिहिलं, अंबाडीच्या बोंडांचं सरबत. वरून ब्युरेटमधून ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. पाण्यातला विरघळलेला चुना ते कणाकणाने पकडत जातं. सगळा पकडून झाला की लाल जाऊन निळा रंग येतो. जितकं जास्त ओतावं लागेल, तितकं पाणी कडक.

विहिरीचं पाणी लवकरच निळं झालं. बोरचं होईना. मी ओतत राहिले. अंबाडीचं सरबत ते अंबाडीचं सरबतच. ब्युरेट संपली, परत भरली. मला वाटलं मॅडमनी आजही कुठली तरी बाटली बदलली. मग एकदाचा जांभळा झाला, आणि मग निळा.

मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. “हे पाणी कुठे वापरतात?”

“शाळेत. आमच्या घरीही.”

“शाळेत काय करतात ह्याचं?”

“माय पोरांचं जेवण शिजवते.”

“डाळ शिजते?”

बोर झाली ती उन्हाळ्यात. मायची डाळ बिघडली ती शाळा उघडल्यावर. आमच्या घरी आम्ही डाळ कुकरमध्ये लावायचो, भरपूर शिट्ट्या द्यायचो, त्यामुळे कधी लक्षात आलं नव्हतं. बोरच्या आधी माय विहिरीवरून हंडे आणायची. बोर झाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला होता.

मी मॅडमना सगळं सांगितलं. तक्रार, बैठक, काका काय बोलले ते. मला वाटलं होतं मॅडम पाठीवर हात ठेवतील, म्हणतील, शाब्बास, सापडलं. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझी ब्युरेट रिकामी केली.

“हे रीडिंग चालणार नाही.”

“का?”

“तुला जे पाहिजे होतं तेच आलं. म्हणून मला भीती वाटते.”

“मॅडम, मला तर आधी माहीतही नव्हतं...”

“आता माहीत आहे ना? आता तू दहा वेळा कर, तुझा हात तुझ्या आईकडेच झुकणार. एक थेंब इकडे, एक थेंब तिकडे. मी असते तर माझाही झुकला असता.” मग त्यांनी हाक मारली, “लोकेश, उठ.”

मी इतकी चिडले की लॅबच्या बाहेर जाऊन उभी राहिले. माझी माय तिकडे रडतेय आणि ह्या बाईला थेंबांची पडलीये, असं वाटत होतं. आत मॅडमनी दोन्ही बाटल्यांवरची माझी चिठ्ठी काढली, कोऱ्या बाटल्यांत पाणी बदलून भरलं आणि त्यांच्यावर ‘अ’ आणि ‘ब’ एवढंच लिहिलं. कोणती कुठली, ते फक्त त्यांना माहीत. लोकेशला एवढंच सांगितलं की दोन्हींचं टायट्रेशन करायचं, तीनतीनदा.

“तीनदा?” लोकेश म्हणाला.

“तीनदा.”

लोकेशने केलं. कण्हत, मध्येमध्ये स्टुलावर बसत, पण केलं. त्याचं रीडिंग माझ्या रीडिंगच्या इतकं जवळ आलं की मॅडमनी कागद माझ्यापुढे धरला आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. “हे आता तुझं नाही. म्हणून आता हे पक्कं आहे.”

लोकेशने विचारलं, “पण हे आहे काय?” मी त्याला सांगितलं. तो स्टुलावरून उठला आणि म्हणाला, “मंग चौथ्यांदा करून देऊ का?”

दुसऱ्या दिवशी मॅडमनी शाळेच्या कोठीतली डाळ मागवली. मायने मुख्याध्यापकांना विचारून एक मूठभर पुडीत बांधून दिली, कशाला ते न विचारता. दोन सारखे बीकर, सारखी डाळ, सारखं पाणी मोजून, खाली सारखे बर्नर. एकात विहीर, एकात बोर. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये डाळ उकळायला लागली. वास कॉरिडॉरभर गेला. हेडसर दारात आले.

“मॅडम, काय चाललंय?”

“तुलनात्मक अभ्यास, सर.”

“फोडणी देणार आहात का?”

“लॅबमधलं काही तोंडात घालत नाही आम्ही.”

हेडसर गेले नाहीत. तेही बघत उभे राहिले. विहिरीच्या पाण्यातली डाळ फुलली, फुटली, पाणी पिवळं दाट झालं. बोरच्या पाण्यातली डाळ तशीच आखडून बसली. हेडसरनी काचेच्या कांडीने दोन्ही दाबून बघितल्या. “ओहो,” एवढंच म्हणाले, आणि त्यानंतर सिलॅबसचं नाव त्यांनी आमच्यापुढे काढलं नाही.

आता बैठकीत वाचायचा रिपोर्ट लिहायचा होता. मी रात्री बसून घरचं पान लिहिलं, मनापासून. शेवटी निष्कर्षात लिहिलं, ‘यावरून सिद्ध होते की माझ्या आईवर खोटा आरोप करण्यात आला आहे.’

मॅडमनी ते वाचलं. यावेळी मनात वाचलं. मग पेन्सिलने त्या ओळीखाली रेघ मारली.

“हे ब्युरेटमध्ये दिसलं तुला?”

“पण खरं आहे ना, मॅडम.”

“खरं आहे. पण दिसलं का? तुला काय दिसलं ते सांग.”

“बोरचं पाणी कडक आहे. त्यात डाळ शिजत नाही.”

“मग तेवढंच लिही.”

“मग काकांना कसं कळेल?”

“बेटा, त्यांना कळण्याचं काम त्यांचं आहे. तू त्यांच्यासाठी निष्कर्ष लिहायला लागलीस की ते तुझ्याशी भांडतील. डाळीशी कोण भांडणार?”

मी ओळ काढली. काढताना अगदी जिवावर आलं होतं.

त्या संध्याकाळी मायला पान वाचून दाखवलं. आमच्या बोलीतच लिहिलं होतं. ‘विहिरीचं पानी म्या घेतलं. बोरचं पानी बी घेतलं. बोरच्या पान्यात जमिनीतला चुना विरघळून हाये. थो चुना डाळीले धरून ठेवते, नरम होऊ देत नाई.’ माय तांदूळ निवडत ऐकत होती. माझं वाचून झालं तरी हात चालूच होते.

“माय, एक प्रश्न विचार. मॅडमचा नियम हाये.”

ती थांबली. “मंग माही चूक नोती?”

मी खाली प्रश्न लिहिला. उत्तराच्या जागी लिहिलं, ‘नाई.’

बैठक शाळेच्या व्हरांड्यात सकाळीच होती. मुख्याध्यापक, समितीचे लोक, आयाबाया आणि कडेने पोरं. मी मुख्याध्यापकांना आधीच विचारून ठेवलं होतं, म्हणून मायने पहाटेच दोन चुली पेटवल्या होत्या. एकीवर बोरच्या पाण्याचं भगोनं, दुसरीवर विहिरीच्या पाण्याचं. दोन्हींत सारखी डाळ. मॅडम स्कूटीवरून आल्या, पांढरे बूट व्हरांड्याबाहेर काढले आणि बायकांमध्ये जाऊन सतरंजीवर बसल्या.

“मॅडम, तुम्हीच सांगा ना काय ते,” मुख्याध्यापक म्हणाले.

“मी ऐकायला आलेय. रिपोर्ट तिचा आहे.”

मी उभी राहून वाचलं. घरचं पान, बोलीतलं. आवाज मॅडमसारखा खणखणीत काढला. अंबाडीचं सरबत आलं तशी एक बाई हसली, मग नीट ऐकायला लागली. कोणाला काही अडलं नाही.

वाचून झालं तसे काका म्हणाले, “पोट्टी तिचीच हाये. ती मायच्याच बाजूनं लिहीन ना.”

“काका, हे रीडिंग माहं नाई,” मी म्हटलं. “म्या काढलेलं मॅडमनी फेकलं. आमच्या वर्गातल्या एका मुलानं काढलं. कोणत्या बाटलीत कुठलं पानी हाये ते त्याले माहीत नोतं. आपलं गाव त्यानं पाह्यलं बी नाई.”

मी मॅडमकडे बघितलं. त्या व्हरांड्याच्या खांबाकडे बघत होत्या, पण कान माझ्याकडे होते. लॅबच्या बाहेर जाऊन उभी राहिले होते तेव्हाचा सगळा राग त्या क्षणी उतरला.

काका उठले. दोन्ही भगोन्यांजवळ गेले. मायने पळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोरच्या भगोन्यातली डाळ काढली, बोटांत दाबली. दाबली गेली नाही. मग दुसऱ्या भगोन्यातली घेतली. तिचं बोटांवर पीठ झालं. ते बराच वेळ आपली बोटं बघत राहिले.

“बोर म्याच आणली होती,” ते म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता. “आता तुमी मनता बोर खराब हाये.”

तेव्हा मॅडम पहिल्यांदा बोलल्या. “बोर खराब आहे असं कुठे लिहिलंय, काकाजी? वाच गं तो शेवट परत.”

मी वाचलं. ‘बोरच्या पान्यात डाळ शिजत नाई. विहिरीच्या पान्यात शिजते. डाळ विहिरीच्या पान्यात शिजवावी.’ बस, एवढंच होतं. त्यात बोरला शिवी नव्हती, कोणाचं नाव नव्हतं. काकांनी मान हलवली. मी खोडलेली ओळ तिथे असती तर त्या माणसाला मान हलवता आली नसती, हे मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघताना कळलं.

“मंग विहिरीवरून शाळेपर्यंत पाइप टाकू,” काका सगळ्यांकडे बघत म्हणाले. “मोटर माह्या घरी पडून हाये. ते लावू.” मुख्याध्यापकांनी लगेच लिहून घेतलं. मायला काढायचा विषय कोणी काढलाच नाही. बायका एकमेकींकडे बघून बोलायला लागल्या, आणि त्यातली एक मोठ्याने म्हणाली, “एवढे दिवस आमच्या बाईले बोलून राह्यले होते.” मायने पदर डोक्यावर नीट घेतला आणि विहिरीच्या भगोन्यात हळद-मीठ टाकून फोडणी दिली. त्या फोडणीच्या आवाजाने अख्खी शाळा तिकडे वळली.

पंगत बसली. मॅडम पोरांच्या ओळीत मांडी घालून बसल्या, ताट पुढे घेतलं. पोरं डाळ भातावर ओतून घेत होती, बोटं चाटत होती. डबा आणलेल्या पोरांपैकी दोघातिघांनी डबे न उघडता ताटं आणली. मॅडमनी दोनदा डाळ मागून घेतली. कोणी काही विचारलं तर हाताने थांबा म्हणायच्या, तोंडात घास असायचा.

काका चुलीजवळ उभेच होते. वासाने की कशाने, ते पुढे झाले आणि मायला म्हणाले, “पळीभर दे, पाहू कशी झाली.” आणि ओंजळ पुढे केली.

मायने पळी भगोन्यात परत ठेवली.

“उभ्यानं वाढत नाई मी,” ती म्हणाली. “बसा पंगतीत.”

वाटलं आता काहीतरी होणार. काकांनी एकदा बाहेर बघितलं, एकदा ओळीकडे. मॅडमनी जराही वर न बघता डाव्या हाताने आपल्या बाजूच्या पोराला सरकवलं आणि जागा केली.

काका बसले. एका पोराने ताट आणून दिलं. मायने भात वाढला, वर डाळ वाढली, तीच पळी, तोच हात. त्यांनी पहिला घास घेतला, मग दुसरा. मग ते जेवायलाच लागले, भूक लागलेल्या माणसासारखे.

माय ओळीतून परत फिरली आणि त्यांच्यापुढे थांबली.

“अजून वाढू?”

काकांनी मान वर केली नाही. ताट पुढे सरकवलं.